तीन हजार तीनशे एकोणनव्वदावा प्रयोग

'प्रयोग' हा शब्द तुम्ही विज्ञानाच्या तासाला रोज ऐकता. उर्दूत आपण त्याला तजुर्बा म्हणतो. परंतु मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नाटक एकदा रंगमंचावर सादर झाले, म्हणजे त्या नाटकाचा एक 'प्रयोग' झाला असे म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिराती येतात, त्या कधी लक्ष देऊन पाहा. 'आज शंभरावा प्रयोग', 'पाचशेवा प्रयोग' असे आकडे त्यांत मोठ्या अक्षरांत छापलेले दिसतील.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मला फार शोभून दिसतात. प्रयोगशाळेत काल जमलेला प्रयोग आज जमेलच असे नसते. नाटकाचेही तसेच आहे. काल टाळ्या मिळाल्या म्हणून आज मिळतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा चित्रपट १९९५ साली प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात डिसेंबर २०१४ मध्ये त्याने एक हजार आठवडे पूर्ण केले. केवढा मोठा विक्रम! पण पहिल्या आठवड्यात पडद्यावर जो तरुण दिसत होता, तोच हजाराव्या आठवड्यातही तेवढाच तरुण दिसत होता. चित्रपटातील माणसे म्हातारी होत नाहीत, आजारी पडत नाहीत, त्यांचा गळा बसत नाही. रंगमंचावर मात्र हाडामांसाची माणसे असतात. म्हणून एखादे नाटक हजारो प्रयोग चालते, तेव्हा मनात एक प्रश्न येतो. हा विक्रम नेमका कोणाचा? ज्यांनी पहिल्या दिवशी भूमिका केल्या ते तर केव्हाच निघून गेलेले असतात. मग विक्रमाच्या दिवशी हार कोणाच्या गळ्यात घालायचा?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर न्यूयॉर्क शहरातील एका नाटकाने १९८३ साली दिले. ते आज आपण पाहणार आहोत. पण त्याआधी हे आकडे कसे मोजतात ते समजून घेऊ.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या आसपास काही मोठी नाट्यगृहे आहेत. त्यांतील पाचशे किंवा त्याहून अधिक आसनांच्या नाट्यगृहांना मिळून 'ब्रॉडवे' असे म्हणतात. तेथे संगीत नाटके फार लोकप्रिय आहेत. आपल्याकडेही संगीत नाटकाची परंपरा जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात १८८० साली रंगमंचावर आले, हे तुम्ही कदाचित वाचले असेल. पण आपल्याकडील नाटक मंडळी गावोगाव फिरतात. आज पुणे, उद्या सातारा, परवा कोल्हापूर. ब्रॉडवेवर तसे नसते. तेथे नाटक एकाच नाट्यगृहात मुक्काम ठोकते आणि प्रेक्षक येत राहतील तोवर हलत नाही.

आठवड्याला आठ प्रयोग, असा तेथील नेम आहे. म्हणजे काही दिवशी दुपारी एक आणि रात्री एक असे दोन प्रयोग करावे लागतात. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर चारशे सोळा प्रयोग होतात. उद्घाटनापूर्वी काही प्रयोग चाचणीसाठी करतात. त्यांना प्रेक्षक तिकीट काढून येतात, तरीही ते हिशेबात धरत नाहीत. मोजणी सुरू होते ती उद्घाटनाच्या प्रयोगापासून. रंगमंच व्यवस्थापक प्रत्येक प्रयोगानंतर अहवाल लिहितो. आज कोण आजारी होते, कोणाच्या जागी कोण उभे राहिले, कोणता दिवा वेळेवर लागला नाही, हे सारे त्यात नोंदलेले असते. आपल्या शाळेतील हजेरीपटासारखेच हे काम. दिसायला रूक्ष, पण तेच नसेल तर आकड्यावर विश्वास कोण ठेवील?

आता विक्रमाची साखळी पाहा. 'ओक्लाहोमा!' हे नाटक १९४३ साली सुरू झाले आणि १९४८ पर्यंत त्याचे २२१२ प्रयोग झाले. त्या काळी हा आकडा अचाट वाटला. पुढे 'माय फेअर लेडी'ने २७१७ प्रयोग केले. मग 'फिडलर ऑन द रूफ' ३२४२ पर्यंत पोहोचले. त्याला 'ग्रीस' या नाटकाने मागे टाकले. 'ग्रीस' १९७२ ते १९८० पर्यंत चालले आणि ३३८८ या आकड्यावर थांबले.

या साखळीत एक गंमत आहे. विक्रम मोडण्याचा क्षण नेहमी एका आकड्याने येतो. ३३८८ चा विक्रम ३३८९ ने मोडतो. काल आणि आज यांत नाटकाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. तीच गाणी, तेच संवाद, तोच पडदा. फरक असतो तो फक्त रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीत. म्हणून उत्सव मुद्दाम घडवून आणावा लागतो, तो आपोआप होत नाही. तो कसा घडवायचा, यातच निर्मात्याची आणि दिग्दर्शकाची खरी परीक्षा असते.

'अ कोरस लाइन' या नाटकावर हा प्रसंग आला, तो २९ सप्टेंबर १९८३ रोजी.

'कोरस' म्हणजे मुख्य नायक-नायिकेच्या मागे ओळीने नाचणाऱ्यांचा आणि गाणाऱ्यांचा ताफा. चित्रपटातील गाण्यांत नायिकेच्या मागे वीस-पंचवीस मुले-मुली एकसारखे कपडे घालून नाचताना तुम्ही पाहिली असतील. त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात, चेहरेही लक्षात राहत नाहीत. या नाटकाचा विषय नेमका हाच आहे. एक दिग्दर्शक नव्या नाटकाच्या कोरससाठी नर्तक निवडत आहे. रिकाम्या रंगमंचावर जमिनीवर एक पांढरी रेघ आखलेली आहे आणि मागे आरसे आहेत. त्या रेघेवर सतरा उमेदवार उभे आहेत. जागा आहेत आठच. चार मुलांच्या आणि चार मुलींच्या. दिग्दर्शक प्रत्येकाला स्वतःविषयी बोलायला सांगतो आणि एकेक जण आपली कहाणी सांगू लागतो. कोणी घरातील भांडणांपासून पळण्यासाठी नाच शिकला, कोणाला शिक्षकाने नाउमेद केले, कोणी एकदा नाव कमावले होते आणि आता पुन्हा मागच्या रांगेत काम मागायला आली आहे. शेवटी आठ जण निवडले जातात, बाकीचे घरी जातात.

नाटकाचा शेवट मात्र मनाला चटका लावणारा आहे. सारे कलाकार सोनेरी पोशाख आणि उंच टोप्या घालून एका ओळीत नाचायला येतात. प्रेक्षकांना आतापर्यंत प्रत्येकाचे नाव, घर आणि दुःख माहीत झालेले असते. आणि आता पाहावे तर सगळे एकसारखे! कोण कुठला हे ओळखूच येत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि त्याच वेळी त्यांना वाईटही वाटते.

हे नाटक कल्पनेतून निघालेले नव्हते. दिग्दर्शक मायकेल बेनेट स्वतः कोरसमधूनच वर आलेला होता. जानेवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील काही नर्तक-नर्तकी एका रात्री एकत्र जमले आणि सकाळ होईपर्यंत आपापल्या आयुष्याविषयी बोलत राहिले. बेनेट त्यांच्यात होता. ते बोलणे टेपवर ध्वनिमुद्रित केले गेले. त्या टेपमधून हे नाटक उभे राहिले. तेथे बोलणाऱ्यांपैकी निकोलस डँटे हा नर्तक तर जेम्स कर्कवुडबरोबर नाटकाचा लेखकच झाला. संगीत मार्विन हॅम्लिशने दिले आणि गीते एडवर्ड क्लेबनने लिहिली.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्यांनी आपल्या आयुष्याच्या कहाण्या सांगितल्या, त्यांच्याकडून त्या वापरण्याची परवानगी अवघा एक एक डॉलर देऊन लिहून घेतली होती. पुढे नाटक उत्पन्न देऊ लागले, तेव्हा त्यांना उत्पन्नातील थोडा हिस्सा देण्याची व्यवस्था झाली. तरी या नाटकाने मिळवलेल्या पैशाच्या मानाने तो फार लहान होता, अशी खंत त्यांच्यापैकी अनेकांनी बोलून दाखवली. मागच्या रांगेतील माणसांवरचे नाटक, आणि त्याच माणसांना एक डॉलर! ही गोष्ट ध्यानात ठेवा. विक्रमाच्या रात्री काय घडले, त्याचे मोल तिच्यामुळे अधिक कळते.

निर्माता होता जोसेफ पॅप. त्याच्या संस्थेच्या छोट्या रंगमंचावर १९७५ च्या वसंतात हे नाटक आले आणि त्याच वर्षी २५ जुलैला ब्रॉडवेवरील शुबर्ट थिएटरात दाखल झाले. त्याला नऊ टोनी पुरस्कार आणि पुलित्झर पारितोषिक मिळाले. पॅपची संस्था न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरची नाटके लोकांना मोफत दाखवीत असे. 'अ कोरस लाइन'च्या उत्पन्नाने त्या संस्थेला कित्येक वर्षे मोठा आधार दिला.

आठ वर्षे गेली. आठवड्याला आठ प्रयोग होतच होते. मूळ कलाकार एकेक करून बाहेर पडले, त्यांच्या जागी नवे आले, तेही गेले, त्यांच्या जागी आणखी नवे आले. शिवाय या नाटकाचे दुसरे संच अमेरिकेतील इतर शहरांत फिरत होते आणि परदेशांतही तेथील कलाकार ते करीत होते. आता 'ग्रीस'चा विक्रम मोडण्याची वेळ जवळ आली.

बेनेटला सोपे मार्ग पुष्कळ होते. नाट्यगृहाला रोषणाई करता आली असती, मोठ्या लोकांना बोलावून भाषणे ठेवता आली असती, भला मोठा केक कापता आला असता. अशा समारंभात बहुधा असेच होते. पण त्याने वेगळाच विचार केला. या नाटकात ज्यांनी ज्यांनी काम केले, त्यांना त्याने बोलावणे धाडले. मूळ संचातील, नंतरच्या संचांतील, फिरत्या संचांतील, परदेशांतील. त्या रात्री एकूण ३३२ कलाकार आले.

तुम्ही म्हणाल, आले आणि पहिल्या रांगेत बसले असतील. नाही. ते सगळे नाचायला आले होते!

आता ही अडचण पाहा. जे नाटक वीस-पंचवीस माणसांसाठी बेतलेले आहे, त्यात ३३२ जणांना बसवायचे कसे? आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची कल्पना करा. एका नाटिकेत आजवर ज्या ज्या मुलाने राजाचे काम केले, ते सगळे राजे एकाच दिवशी मुकुट घालून आले तर काय होईल? बेनेटने त्यासाठी काही दिवस तालमी घेतल्या आणि नाटकाचे प्रवेश निरनिराळ्या संचांना वाटून दिले. एका प्रवेशात त्या वेळचा चालू संच असे, दुसऱ्यात १९७५ चा मूळ संच, तिसऱ्यात बाहेरगावचे. कॅसी नावाची नर्तकी या नाटकात एकटीच नाचते. त्या रात्री अनेक कॅसी मिळून ते नृत्य करीत होत्या. आरशांमुळे एकीच्या अनेक प्रतिमा दिसाव्यात अशी मूळ योजना होती, आता प्रतिमांच्या जागी खऱ्याच कॅसी उभ्या राहिल्या. जपानी संचातील अभिनेत्रीने आपल्या भूमिकेतील गाणे जपानी भाषेत म्हटले. समोर बसलेल्या बहुतेकांना जपानी येत नव्हते. पण गाणे कोणते आणि त्यात काय म्हटले आहे हे ठाऊक होते, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. तुम्ही दुसरी भाषा शिकत आहात, तुम्हाला याची गंमत अधिक कळेल.

शेवटच्या नृत्यासाठी रंगमंचाच्या फळ्यांना खालून टेकू द्यावे लागले, कारण एवढ्या माणसांचे वजन पेलण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. सोनेरी पोशाखातील नर्तकांची ओळ आली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. रंगमंच भरला, तेव्हा उरलेले कलाकार प्रेक्षागृहातील वाटांमध्ये उभे राहून नाचू लागले.

मूळ संचातील कलाकार आठ वर्षांनी वयस्क झाले होते. नर्तकाच्या आयुष्यात आठ वर्षे फार असतात. गुडघे दुखू लागतात, उडी पूर्वीसारखी जात नाही. काहींनी नाच सोडूनही दिला होता. त्यांच्या शेजारी विशीतली मुले तीच पावले टाकत होती. एरवी नवा कलाकार आला म्हणजे जुना गेला असे समजायचे. येथे दोघे एका ओळीत होते.

एरवी या शेवटच्या नृत्यात माणसे एकसारखी होऊन हरवून जातात, असे मी वर म्हटले. त्या रात्री त्याच नृत्याचा अर्थ उलटा झाला. ३३८९ हा आकडा एखाद्या नटाचा किंवा एकट्या बेनेटचा नाही, तो या सगळ्यांनी थोडा थोडा मिळून केलेला आहे, हे भाषण न करता प्रेक्षकांना डोळ्यांनी दिसले. कोणी दोन हजार प्रयोग केले असतील, कोणी एखादा महिनाच. ओळीत जागा दोघांनाही सारखीच.

एका डॉलरची बोच यामुळे मिटली असे मी म्हणणार नाही. सन्मान वेगळा आणि मोबदला वेगळा. पण विक्रमाच्या दिवशी कोणाची आठवण ठेवायची हे बेनेटला बरोबर कळले होते, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पुढे चार वर्षांनी, १९८७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. नाटक त्याच्यानंतरही चालू राहिले. २८ एप्रिल १९९० रोजी ६१३७ व्या प्रयोगानंतर ते थांबले.

यानंतर विक्रम गेला 'कॅट्स'कडे. टी. एस. एलियट या कवीने मांजरांवर लिहिलेल्या कवितांवरून अँड्र्यू लॉइड वेबरने हे संगीत नाटक रचले. १९ जून १९९७ रोजी ब्रॉडवेवर त्याचा ६१३८ वा प्रयोग झाला. पुन्हा एकाच आकड्याचा फरक! या नाटकाच्या जाहिरातीत ते 'आता आणि कायमचे' चालणार असे म्हटलेले असे. जाहिरातींचे शब्द किती मनावर घ्यायचे ते यावरून समजा. कारण १० सप्टेंबर २००० रोजी ७४८५ प्रयोगांनंतर न्यूयॉर्कमधील 'कॅट्स' बंद झाले. लंडनमध्ये ते ११ मे १९८१ रोजी सुरू झाले होते. तेथे त्याचा शेवटचा प्रयोग बरोबर एकविसाव्या वाढदिवशी, ११ मे २००२ रोजी झाला. तिकीट न मिळालेल्या लोकांसाठी कॉव्हेंट गार्डनच्या चौकात मोठा पडदा लावून तो दाखवण्यात आला. नाटकाच्या निरोपालाही लोक रस्त्यावर गर्दी करतात, ही गोष्ट मला विक्रमापेक्षा अधिक बोलकी वाटते.

ब्रॉडवेवर 'कॅट्स'ला मागे टाकले 'द फँटम ऑफ द ऑपेरा'ने. तारीख ९ जानेवारी २००६, प्रयोग ७४८६ वा. दोन्ही नाटकांचा संगीतकार वेबरच आणि निर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉशही तोच. म्हणजे हरलाही तोच आणि जिंकलाही तोच! ११ फेब्रुवारी २०१२ रोजी 'फँटम'चा दहा हजारावा प्रयोग झाला. ब्रॉडवेवरील कोणतेही नाटक त्यापूर्वी या आकड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

लंडनच्या 'ले मिझेराब्ल' या नाटकाने आपला उत्सव आणखी निराळ्या रीतीने साजरा केला. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो याच्या कादंबरीवरून हे नाटक झाले. भाकरीचा तुकडा चोरल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या जाँ वालजाँची ती कथा. ८ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनमध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बहुतेक समीक्षकांनी नावे ठेवली. प्रेक्षकांनी मात्र एकमेकांना सांगून सांगून ते उचलून धरले. दहा वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९९५ रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा मोठा गायनसोहळा झाला. तो संपला असे वाटत असताना निरनिराळ्या देशांत वालजाँची भूमिका करणारे सतरा गायक एकामागून एक पुढे आले. फ्रान्सचा, जपानचा, हंगेरीचा, स्वीडनचा, आइसलँडचा. प्रत्येकाने आपापल्या भाषेत गाण्याच्या एक-दोन ओळी म्हटल्या आणि मग सगळ्यांनी मिळून गायिले. सतरा माणसे, सतरा चेहरे, आणि प्रत्येक जण म्हणतो आहे की वालजाँ मीच! बेनेटच्या ३३२ नर्तकांचीच ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. २००६ साली त्याच तारखेला, म्हणजे एकविसाव्या वाढदिवशी, 'ले मिझेराब्ल'ने लंडनमधील 'कॅट्स'चाही विक्रम मागे टाकला.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. एवढे लोक बदलतात, तर अगदी पहिल्या दिवसापासून टिकून राहणारा कोणीच नसतो काय? असतो, पण क्वचित. जॉर्ज ली अँड्र्यूज हा नट न्यूयॉर्कच्या 'फँटम'मध्ये १९८८ सालच्या उद्घाटनापासून होता. सप्टेंबर २०११ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षांहून अधिक काळ, तो त्यात काम करीत राहिला. त्याने वेळोवेळी निरनिराळ्या भूमिका केल्या, पण नायकाची कधीच नाही. एकूण ९३८२ प्रयोग! एकाच नाटकात एवढे प्रयोग केल्याबद्दल गिनेसच्या जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली.

त्याउलट काही कलाकारांचे काम असे असते की ते चांगले झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्रॉडवेवर प्रत्येक संगीत नाटकात काही राखीव कलाकार असतात. त्यांना 'स्विंग' म्हणतात. एकेका स्विंगला कोरसमधील अनेक जणांची कामे तोंडपाठ ठेवावी लागतात. संध्याकाळी निरोप येतो, अमक्याचा पाय मुरगळला आहे. लगेच त्याच्या जागी उभे राहायचे, आणि अशा सफाईने, की प्रेक्षकांना बदल कळता कामा नये. उद्या आणखी दुसऱ्या कोणाच्या जागी. क्रिकेटमधील बाराव्या खेळाडूसारखे हे काम आहे, पण बाराव्या खेळाडूला फलंदाजी तरी करावी लागत नाही. असे लोक नसते, तर एखाद्याच्या सर्दीतापानेही प्रयोग रद्द झाले असते आणि हे मोठमोठे आकडे दिसलेच नसते.

आकड्यांचा विषय निघाला आहे, म्हणून आणखी एका नाटकाचे नाव सांगतो. न्यूयॉर्कमध्येच सलिव्हन स्ट्रीटवरील एका चिमुकल्या नाट्यगृहात 'द फँटॅस्टिक्स' हे संगीत नाटक ३ मे १९६० रोजी सुरू झाले. आसने जेमतेम दीडशे, आणि वाद्ये दोनच, पियानो आणि हार्प. ते १३ जानेवारी २००२ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, चालले. त्याचे १७१६२ प्रयोग झाले. 'फँटम'पेक्षाही हा आकडा मोठा आहे. पण नाट्यगृह पाचशे आसनांपेक्षा लहान, म्हणून ब्रॉडवेच्या यादीत त्याला स्थान नाही. तेव्हा कोणी 'सर्वांत जास्त चाललेले नाटक' असे म्हटले, की लगेच विचारावे, कोणत्या यादीत?

विक्रमाच्या उत्सवात व्यापारही असतो, हे विसरून चालणार नाही. वर्तमानपत्रांत बातमी छापून येते, लोकांना नाटकाची पुन्हा आठवण होते आणि तिकिटे खपतात. ज्या नाटकाला प्रेक्षक नाही, ते कितीही जुने असले तरी निर्माता चालू ठेवू शकत नाही. 'फँटम'चेच पाहा. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ब्रॉडवेवरील सगळी नाट्यगृहे बंद झाली. 'फँटम'चा पडदा पुन्हा उघडला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. पण पूर्वीची गर्दी राहिली नव्हती आणि खर्च मोठा होता. नुसते वादकच सत्तावीस होते. त्या वेळी ब्रॉडवेवरील दुसऱ्या कोणत्याही संगीत नाटकाचा वाद्यवृंद एवढा मोठा नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये नाटक बंद होणार असे जाहीर झाले. त्याबरोबर तिकिटांसाठी अशी झुंबड उडाली, की मुदत आठ आठवडे वाढवावी लागली. जे नाटक हवे तेव्हा पाहता येईल असे लोक पस्तीस वर्षे समजत होते, ते आता पाहायला मिळणार नाही म्हटल्यावर सगळे धावत आले.

१६ एप्रिल २०२३ रोजी मॅजेस्टिक थिएटरात 'फँटम'चा शेवटचा प्रयोग झाला. वेबरचा मुलगा निकोलस त्याच्या थोडेच दिवस आधी वारला होता. तो प्रयोग वेबरने त्याला अर्पण केला. आजवर या नाटकात काम केलेले जुने कलाकार त्या रात्रीही बोलावले होते आणि शेवटी तेही रंगमंचावर आले. बेनेटचा धडा ब्रॉडवे विसरलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते सत्तावीस वादक आणि बाकीची सारी मंडळी नव्या कामाच्या शोधाला लागली. रंगमंच व्यवस्थापकाच्या हिशेबात शेवटचा आकडा पडला, १३९८१.

हा विक्रम ज्याला मोडायचा असेल, त्याला १३९८२ वा प्रयोग करावा लागेल. आठवड्याला आठ प्रयोग आणि मध्ये एकही खंड नाही असे धरले, तर त्यासाठी किती वर्षे लागतील? पाटी-पेन्सिल घ्या आणि मांडून पाहा. उत्तर आले, की त्यात तुमचे आजचे वय मिळवा.